अकरा नंबरचं ताट

साधनागृहाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींचा आवाज एवढा खणखणीत होता, की त्या घरात मौनाचा नियम त्यांच्याच धास्तीने केला असावा, असं तिथले फादर चारचौघांत सांगत. मावशी यावर हसत आणि फादरांच्या बशीत एक बटाटा जास्त वाढत.

साधनागृह म्हणजे चर्चने चालवलेलं, बागेच्या मधोमध उभं असलेलं एक दुमजली घर. वर्षातून सात-आठ वेळा तिथे बावीस माणसं येत. कुणी फादर, कुणी सिस्टर, बाकीची आपल्यासारखी संसारी, नोकरीधंद्याची. आठ दिवस तोंडाला कुलूप. सकाळी मिस्सा, म्हणजे फादरांबरोबरची उपासना, मग बायबलातल्या चार ओळी घेऊन तासभर नुसतं बसायचं, बागेत फिरायचं, पुन्हा बसायचं. दिवसातून अर्धा तास फादरांना भेटून मनातलं बोलायचं, बाकी चिडीचूप. बाहेरचा गोंगाट थांबला की आतला ऐकू येतो आणि तोही निवला की देवाला बोलायला जरा जागा होते, असा त्यामागचा हिशेब. मावशींनी या माणसांना बावीस वर्षं जेवू घातलं, पण स्वतः एकदाही मौनाला बसल्या नाहीत. “मुक्याने कधी रांधून झालंय का? अहो, कुकरसुद्धा तीनदा बोलतो तेव्हा डाळ शिजते,” असं त्यांचं म्हणणं.

त्या घराचा खरा कस लागे जेवणाच्या टेबलावर. एकच लांबलचक टेबल, भोवती बावीस खुर्च्या, खुर्च्यांवर नंबर आणि ताटांच्या कडेवरही तेच नंबर. नियम असा, की जेवताना स्वतःसाठी काही मागायचं नाही. तोंडाने नाही, हाताने नाही, डोळ्यांनीही नाही. आपल्या डाव्या हाताला जो बसलाय, त्याला काय हवंय ते आपण ओळखायचं आणि त्याच्यापुढे सरकवायचं. आपल्याला काय हवंय ते उजवीकडचा बघेल. नाही बघितलं तर बिनमिठाचं खायचं आणि देवाचे आभार मानायचे. पहिल्या दिवशी बावीसांतले पंधरा जण उपाशी उठत. आठव्या दिवशी टेबलावरचं मीठ पायाला चाकं लावल्यासारखं फिरत असे.

आता मावशींच्या नवऱ्याबद्दल. त्यांना सगळं शहर भोंगाकाका म्हणे. एकतीस वर्षं ते बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत. त्यांचा आवाज ऐकून बायका चुलीवरचं उतरवत आणि मुलं शाळेला पळत. घरीही तीच सवय. ताटं मांडली की दारात उभे राहून ओरडत, “जेवण फलाटाला लागलेलं आहे. प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे!” त्यावर मावशी आतून, “मेले प्रवासी! हात धुतलेत का?” दोघांचा संसार असा दोन भोंग्यांवर चालला होता. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांना घड्याळ लावावं लागत नसे.

निवृत्तीला दीड वर्ष झालं होतं. एके सकाळी दाढी करताना काकांच्या हातातून वस्तरा गळाला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि जीभ शब्दच विसरली. पायाने पुढे बरीच साथ दिली, काठी टेकत ते चालू लागले. शब्द मात्र आले नाहीत. समजत सगळं होतं, पेपर वाचत, विनोद कळे, पण तोंडातून “हं” पलीकडे काही निघेना.

खरं दुखणं पुढेच होतं. भेटायला येणारे नातेवाईक काका बहिरे झाल्यासारखे त्यांच्या कानाशी ओरडत. मग त्यांच्यादेखतच मावशींना विचारत, “कळतं का हो यांना?” हळूहळू काका माणसांत बसेनासे झाले. जेवायला बसले, की मावशींची सरबत्ती सुरू होई. “पाणी हवंय? मीठ हवंय? पंखा लावू? मग काय, खिडकी? अहो, काहीतरी सांगा ना!” काका ताट बाजूला सारत. मावशी रडकुंडीला येऊन आणखी बोलत आणि काका भिंतीकडे तोंड करून झोपत. प्रेमाने केलेला मारा होता तो, पण माराच.

सहा महिन्यांत काकांच्या शर्टात दुसरा माणूस मावला असता. डॉक्टरांनी तपासलं. घसा उत्तम, गिळण्याला काही अडचण नाही, पोट ठणठणीत. “यांनी मनातून जेवण सोडलंय,” ते म्हणाले. “दहा दिवसांनी, सोमवारी, पुन्हा वजन करू. आणखी उतरलं, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. मग ती कधी निघेल, मी सांगू शकत नाही.” काका समोरच बसले होते. त्यांनी नळीचा शब्द ऐकला आणि डावा हात नुसता मांडीवर दाबून धरला. मावशींनी तो हात पाहिला. त्या रात्रभर तळमळल्या.

नेमकी त्याच आठवड्यात साधना लागली. दिवसा काकांपाशी बसणारी शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. काय करणार? शनिवारी सकाळी मावशींनी काकांना रिक्षात घातलं आणि कामावर आणलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्ची टाकली. काका खुर्चीत बसून बटाट्यांच्या ढिगाकडे बघत राहिले.

फादर सूप चाखायला आत आले. हे त्यांचं रोजचं निमित्त. त्यांनी काकांना पाहिलं, ख्यालीखुशाली न विचारता त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि थोड्या वेळाने उठून मावशींना म्हणाले, “अकरा नंबरची खुर्ची रिकामी आहे. जिचं नाव होतं ती सिस्टर तापाने आली नाही. यांना तिथे बसवा.”

“टेबलावर?” मावशी उडाल्याच. “फादर, त्यांचा उजवा हात चालत नाही. सांडेल. लोक बघतील.”

“बघायलाच तर बसवतो त्यांना. आणि बघितलं तरी बोलणार कोण?”

मावशींनी काकांकडे पाहिलं. काका आधीच काठीवर भार देऊन उभे राहत होते.

काकांच्या उजवीकडे दहा नंबरवर एक मास्तर होते, म्हणजे काका त्यांच्या जबाबदारीत. डावीकडे बारा नंबरवर एक धिप्पाड वकीलबाई, ती काकांच्या जबाबदारीत. मास्तर पहिल्यांदाच साधनेला आलेले. ते डोळे मिटून इतके देवात बुडाले होते, की शेजारी माणूस बसलाय हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. पावाची टोपली त्यांच्या कोपराशी अडकली. काकांपुढे नुसतं सूप. काका स्वस्थ बसून.

स्वयंपाकघर आणि भोजनगृह यांच्यामधल्या भिंतीत वाढायची एक खिडकी होती. मावशी तिच्यातून बघत होत्या. एक मिनिट, दोन मिनिटं, सूप निवत चाललेलं. पाचव्या मिनिटाला बावीस वर्षांचा संयम एका श्वासात संपला.

“अहो मास्तर, त्या माणसाला पाव द्या की! त्याचा हात चालत नाही, बोलता येत नाही त्याला!”

एकवीस चमचे थांबले. एकवीस माना आधी खिडकीकडे वळल्या आणि मग, व्हायचं तेच झालं, काकांकडे. मास्तरांनी लालबुंद होत टोपली सरकवली. कुणीतरी काकांच्या खांद्यावर कीव करणारा हात ठेवला. काकांनी चमचा खाली ठेवला. अकरा नंबरचं ताट खिडकीतून जसं गेलं होतं तसंच परत आलं.

मावशी गॅसपाशी उभ्या राहून पदरात तोंड खुपसून रडल्या. फादर आले. रागावले नाहीत, तेच जास्त झोंबलं.

“मावशी, पाच मिनिटं ते साधक होते. सगळ्यांसारखे गप्प, सगळ्यांसारखे पावाची वाट बघणारे. तुम्ही तोंड उघडलंत आणि त्यांना पुन्हा पेशंट केलंत.”

मावशींना ते मस्तकात गेलं. बावीस वर्षांत फादरांना उलट बोलायची पहिली वेळ होती. “मग उपाशी मरू देऊ? नळी घालणार आहेत त्यांना, माहीत आहे?”

“माहीत आहे. म्हणून सांगतो, खिडकीची झडप लावून घ्या. आणि जमलं तर तोंडाचीही.”

त्या दुपारी मावशींनी भांडी आपटून घेतली. पण त्यांचं डोकं चालू होतं. रोज संध्याकाळी आपण विचारतो त्या प्रश्नांना किती उत्तरं मिळाली, ते त्यांनी मोजलं. एकही नाही. विचारून झालं होतं, विनवून झालं होतं, देवाला बोल लावून झालं होतं. बोलण्यातलं एवढंच शिल्लक होतं, की गप्प बसावं. संध्याकाळी त्यांनी शाळेत असते तसली पाटी आणून भिंतीला टांगली, तिच्यावर खडूने लिहिलं, ‘आजपासून मीपण,’ आणि वाढायच्या खिडकीची झडप खाली ओढली. आता ताटं तेवढी झडपेखालच्या फटीतून जायची आणि यायची.

त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला सगळे घाई म्हणत, कारण तिचं पाऊल कधी जमिनीला टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. घाईने पाटी वाचली, मावशींकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

मौन किती अवघड असतं, हे मावशींना पहिल्या तासातच कळलं. मीठ संपलं तरी जीभ वळवळे. घाईने कांदा जाड चिरला, तेव्हा तर शिवी ओठांपर्यंत येऊन मागे गेली. कपडे बदलताना त्या स्वतःशी बोलू लागल्या आणि स्वतःलाच दटावून गप्प बसल्या. घरी जाताना रिक्षात दोघं नवरा-बायको शेजारी शेजारी मुक्याने बसले. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच दोघांची सारखीच गत होती. घराशी उतरताना काकांनी त्यांच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. मावशींना वाटलं, विचारतील, बरी आहेस ना? आणि मग लक्षात आलं की काका विचारतच होते.

रविवारी दुपारी अकरा नंबरचं ताट फटीतून आलं. तसंच भरलेलं. मावशींनी ओठ चावला.

रविवारी रात्री भाताचा एक कोपरा उकरलेला होता. उंदराने खाल्ल्यासारखा.

सोमवारी दुपारी अर्धं ताट. मावशींनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, जसा काही डॉक्टर एक्स-रे बघतो. घाई पाणी भरायला आतबाहेर करत असे, तिला सगळं दिसत होतं. मावशींनी डोळ्यांनी विचारलं, काय झालं? घाई मौनाला बांधलेली नव्हती, पण मावशींचं बघून तीही तसलीच झाली होती. तिने हाताने मिठाची बाटली उचलल्यासारखं केलं आणि डावीकडे सरकवून दाखवलं. मग छाती फुगवून, गाल फुगवून वकीलबाईंचा धिप्पाडपणा उभा केला आणि मान लववली. मावशींना काही उमगलं, काही नाही.

मंगळवारी फादर सूप चाखायला आले आणि आपण होऊन म्हणाले, “तुमचे यजमान रोज त्यांच्या अर्ध्या तासाला माझ्याकडे येतात. आम्ही दोघं बसतो. ते बोलत नाहीत, मीही बोलत नाही. खरं सांगू? बाकी एकवीस जणांनंतर तो अर्धा तास मला स्वर्ग वाटतो.” मावशींना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि बटाटा वाढला.

बुधवारी दुपारी खूप उशीर झाला. एकेक ताट येत होतं. सात आलं, नऊ आलं, बारा, चौदा. अकरा येईना. मावशींच्या मनात नको नको ते आलं. चक्कर आली असेल, घास अडकला असेल. झडप वर करायला हात गेला. त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि मनात म्हणाल्या, देवा, तू बघ, मी बघत नाही. सबंध प्रार्थना एवढीच. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी.

शेवटी फटीतून एक ताट आलं. अकरा नंबर. लख्ख. कडेची ग्रेव्हीसुद्धा पावाने पुसून घेतलेली. मावशींनी ते ताट नळाखाली धरलं नाही. तसंच दोन्ही हातांत घेऊन छातीशी धरलं आणि स्वयंपाकघरात गोल गिरकी घेतली. पंचावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई. घाईने टाळ्या वाजवण्यासाठी हात उचलले आणि आवाज होईल म्हणून हवेतच थांबवले.

त्यानंतर अकरा नंबरचं ताट रोज तसंच येऊ लागलं. शुक्रवारी तर रिकाम्या ताटात एक दुसरी रिकामी वाटी होती. दुसऱ्यांदा वाढून घेतल्याची खूण!

आठ दिवस भरले. रविवारी मिस्सेनंतर शेवटचं जेवण आणि मग मौन सुटायचं. ते सुटण्याचीही तिथे रीत होती. आठ दिवसांत ज्याने शेजाऱ्याकडे सगळ्यांत चांगलं लक्ष दिलं असं आपल्याला वाटतं, त्याच्या खुर्चीचा नंबर प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. ज्याच्या नावाने जास्त चिठ्ठ्या निघतील, त्याने बागेतल्या खांबावरची घंटा वाजवायची. घंटा वाजली, की पहिला शब्द त्यानेच बोलायचा. मग बाकीच्यांनी.

मावशींना मुद्दाम बाहेर बोलावलं होतं. ओले हात पुसत त्या बागेत उभ्या राहिल्या. फादरांनी चिठ्ठ्या उघडल्या आणि एकामागून एक बागेतल्या टेबलावर मांडल्या. अकरा. अकरा. चार. अकरा. अकरा. बावीसांतल्या सतरा चिठ्ठ्यांवर अकरा होतं.

मावशी हात पुसायच्या थांबल्या. घंटा वाजवतील, डावा हात आहे. पण पहिला शब्द? सगळ्यांसमोर? फादर विसरले की काय? त्यांची जीभ टाळूला भिडली. एक वाक्य पुरे होतं, ‘त्यांच्या वतीने मी बोलते.’ पहिल्या दिवशीचं निवलेलं सूप त्यांना आठवलं. त्या गप्प राहिल्या. मी सांगतो, त्या घराच्या सबंध इतिहासात एवढं कडक मौन कुणी पाळलं नसेल.

काका काठी टेकत खांबापाशी गेले. काठी मास्तरांच्या हातात दिली. डाव्या हाताने दोर धरला आणि ओढला. एकदा नाही, दोनदा नाही, चांगली नऊ-दहा वेळा, एकतीस वर्षं गाड्या सोडणाऱ्या माणसाच्या झोकात. घंटेचा नाद बागेवरून, कुंपणावरून पलीकडच्या रस्त्यावर गेला.

मग शांतता. सगळे काकांच्या तोंडाकडे बघत. काका उभे. एक क्षण, चार क्षण, मिनिट होत आलं. कुणी हललं नाही, कुणी खाकरलं नाही, कुणी मदतीला धावलं नाही. आठ दिवसांत ती माणसं वाट बघायला शिकली होती. काकांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि कुठेच कीव सापडली नाही. त्यांची छाती वर आली, खांदे हलले आणि ते हसले. तेच जुनं, स्टँडच्या काचा हलवणारं, गडगडाटी हसू! सहा महिन्यांत घरात कुणी ऐकलं नव्हतं ते. आधी वकीलबाई हसली, मग मास्तर, मग फादर, मग सगळी बाग. पहिला शब्द आला नाही आणि त्याची कुणाला आठवणही राहिली नाही.

वकीलबाई पुढे आली. “दुसऱ्या दिवसापासून यांनी मला मीठ दिलं. माझ्या गोळ्या बघून मला ब्लडप्रेशर आहे हे ओळखलं आणि चौथ्या दिवशी बंद केलं! मी मिठाकडे बघायचे आणि हे पाणी सरकवायचे. कोर्टात माझ्यापुढे कुणाची अशी टाप नाही.” मग ती मावशींकडे वळली. “सतत माझ्या ताटावर पहारा. टेबलावरून माझ्याआधी उठत नसत. आणि बसल्या बसल्या मग आपलंही जेवत. काका, आता तरी दोन शब्द बोला माझ्याशी!”

काकांनी हसत मावशींकडे बोट केलं. बाई मावशींकडे बघू लागली. पहिल्या दिवशी खिडकीतून ओरडलेलं तिच्या लक्षात असेल नसेल. मावशींनी आठ दिवसांनी तोंड उघडलं, आवाज जरा गंजलेला.

“एकतीस वर्षं अख्ख्या शहराशी बोलून झालंय त्यांचं,” त्या म्हणाल्या. “आता शहराने बोलावं. ते बघून घेतील.”

सोमवारी वजनकाट्यावर काका सव्वा किलो चढले होते. डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला, नळीचा कागद फाईलमधून काढून चुरगाळला आणि विचारलं, “काय खायला घातलंत?” मावशींनी आठ दिवसांत मनात साठलेलं सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काका डॉक्टरांच्या टेबलावर बघत होते. त्यांनी डाव्या हाताने, डॉक्टरांपासून लांब राहिलेला चहाचा कप उचलला आणि त्यांच्यासमोर सरकवला. डॉक्टरांनी कपाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि सवयीने मावशींना काहीतरी विचारणार होते, ते काकांनाच म्हणाले, “थँक यू.”

त्या रात्री घरी दोन ताटं मांडली. मावशींनी काही विचारलं नाही. काकांचा घास त्यांना दिसत होता, पाणी दिसत होतं, सगळं होतं जागच्या जागी. त्या जेवायला बसल्या. पहिला घास घेतला आणि हात थांबला, कारण घाईगडबडीत आपल्याच भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं. उठावं की तसंच खावं, असा विचार मनात येतोय तोवर ताटाला काहीतरी लागलं.

मिठाची बाटली होती. झाकण उघडून ठेवलेली.